ड्यूटीवरची मावशी

वाक्य माझंच होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही. आमच्या घरात ते तीन पिढ्या तरी चालत आलंय. पोरांनी दंगा मांडला की आजी म्हणायची, ‘थांब, बोहारीण येऊ दे, तिलाच देऊन टाकते तुला. एखादं पातेलं तरी येईल.’ आईनं ते मला ऐकवलं, मी माझ्या मुलाला. रुसलेल्या पोराला चिडवायचं असेल तर हेच उलटं करून, ‘तू काय आमचा आहेस? दोन जुन्या साड्यांवर घेतलाय तुला बोहारणीकडून.’ यावर मूल खिदळतं, फार तर दोन मिनिटं गाल फुगवून बसतं. दोन वर्षांपूर्वी गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या पुण्याच्या घरात पाच पोरं गौरींपुढच्या फराळाच्या ताटांभोवती शिवाशिवी खेळत होती. समई लवंडता लवंडता राहिली. माझे दोन्ही हात पुरणात. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, ‘आता जो कोण पळेल ना, त्याला बोहारणीला देऊन टाकणार आहे मी!’ चौघं खो-खो हसली. माझा एक भाचा तर ‘मला दे, मला दे’ करत नाचायलाच लागला.

पानं मांडली तेव्हा एक पोर कमी होतं.

ती दाराशी सापडली, चपलांच्या स्टँडला टेकून बसलेली. पायात सँडल, बंद नीट लावलेले. मांडीवर कापडी पिशवी, आदल्या दिवशी सांगलीहून येताना आणलेली. तिच्यात दोन फ्रॉक, कंगवा आणि बेसिनवरून उचलून आणलेला टूथब्रश. तो ओला होता, पिशवीतून पाणी झिरपून परकराला डाग पडला होता. रडत वगैरे नव्हती. मला पाहून तिनं विचारलं, ‘बोहारीण किती वाजता येते?’ एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारावं, तसं.

माझी धाकटी बहीण माझ्या मागंच उभी होती. ती मला काही बोलली नाही, हे अजून सलतं. चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. ती लेकीशेजारी फरशीवर बसली, नव्या काठपदराच्या साडीसकट. सँडलला हात लावला नाही, पिशवी मागितली नाही, ‘अगं वेडे, मावशी गंमत करत होती’ असलंही काही म्हणाली नाही. दोघी नुसत्या बसून राहिल्या. आत पहिली पंगत उठली. पुरणपोळ्या गार झाल्या. पाऊण-एक तासानं ती पोर म्हणाली, ‘भूक लागली,’ आणि तिनं स्वतःच बंद सोडले.

तिचं नाव इथं लिहीत नाही. तसं ते लिहायचं नसतंच, आणि नाव हे प्रकरण तिच्या बाबतीत आधीच पुरेसं गुंतलेलं आहे. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि बहिणीकडे येऊन पाच महिने झाले होते. कागदावर अजून ‘दत्तकपूर्व संगोपन’ चालू होतं, मूल घरात आलंय पण जिल्हाधिकाऱ्यांची ऑर्डर यायची आहे, असा तो मधला काळ. बहीण आणि तिचा नवरा चार वर्षं वेटिंगमध्ये होते. आधी तान्हं बाळच हवं होतं. मग वयाची अट वाढवत वाढवत सात-आठपर्यंत आले. दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर देशातलं कुठलंही मूल जुळू शकतं. यांना जुळलं ते विदर्भातल्या एका संस्थेतलं. मराठीच, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. कुणाकुणाच्या घरी ओडिशातून मूल येतं, तिथं पाणी कसं मागायचं इथपासून सुरुवात; आपलं बाई तसं नाही, असं मी चारचौघांत सांगितलेलं आहे. पहिल्याच आठवड्यात ती सोसायटीतल्या पोरांना म्हणाली, ‘मी बी खेळून राहिली ना तुमच्यासंग,’ आणि पोरं पोट धरून हसली. त्यानंतर दोन-अडीच आठवडे ती घराबाहेर एक शब्द बोलली नाही. सांगलीकरांचं ‘काय करालायस’ तिला कळायचं नाही, आणि आपलं बोलणं हसण्यासारखं आहे हे मात्र पक्कं कळलेलं. फाइलमध्ये ‘मातृभाषा: मराठी’ असं लिहिलेलं होतं. ते खरंच होतं.

पण खरी गोची झाली ती ‘मावशी’ या शब्दानं. संस्थेत मुलांना सांभाळणाऱ्या बायकांना मावशी म्हणतात. सकाळची मावशी, रात्रीची मावशी, न्हाऊ घालणारी मावशी. आपल्याला ऐकायला किती घरगुती वाटतं. तिच्या हिशेबात मावशी म्हणजे पाळी संपली की पर्स उचलून जाणारी बाई. त्यातही चांगली मावशी लवकर नोकरी सोडते आणि ओरडणारी मावशी जास्त टिकते, असा तिचा सात वर्षांचा अनुभव. त्यामुळे माझ्या बहिणीलाही ती मावशीच म्हणायची. आणि मी तर सख्खी मावशी! एप्रिलमध्ये पहिल्यांदा भेटायला गेले ती खाऊ, परकर-पोलकं, बांगड्या, असा सगळा आहेर घेऊन. बहिणीनं ओळख करून दिली, ‘ही तुझी मावशी.’ तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, ‘तुही डुटी कधी सरते व?’ मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, ‘रविवारी सरते गं, रात्रीच्या गाडीनं.’ तिनं मान डोलावली. तिच्या दृष्टीनं हिशेब जुळला होता.

फाइलमधल्या अहवालात आणखी एक शब्द होता, ‘मनमिळाऊ’. ‘सर्वांमध्ये पटकन मिसळते.’ ते वाचून आम्ही हरखलो होतो. पहिल्या महिन्यात तिनं ते करूनही दाखवलं. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचा हात धरून ती खालपर्यंत गेली. मंडईत एका अनोळखी बाईच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. लोक म्हणाले, किती लाघवी पोर! संस्थेतल्या सोशल वर्कर ताईंना बहिणीनं हे कौतुकानं सांगितलं तर त्या फोनवर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, ‘कुणाकडेही जाते याचा अर्थ आपलं माणूस कोणतं ते अजून ठरलेलं नाही. तुमच्याशी वाईट वागायला लागली की मला कळवा. ती चांगली खूण असेल.’ आम्हाला ते जरा पुस्तकी वाटलं.

खूण जूनमध्ये आली. आधी पडदा कातरला. मग सोफ्यावर, बहिणीच्या डोळ्यांत डोळे घालून, मुद्दाम शू केली. शाळेत एका मुलीच्या दंडाला कडकडून चावली. एकदा शेजारच्या काकू झाकलेलं ताट घेऊन दारात उभ्या; पिठलं, भाकरी, वर कांदा फोडून. ‘पोर म्हणाली, इथं जेवायला देत नाहीत,’ आणि त्यांची नजर. बहिणीनं त्या दिवशी हात उगारला. मारलं नाही, पण उगारला, आणि पोरीनं चेहरा न हलवता डोळे मिटून घेतले, सवयीनं मिटावेत तसे. रात्री अकराला तिचा मला फोन, बाल्कनीतून, दबक्या आवाजात, ‘ताई, माझ्या हातून हे होणार नाही.’ शेजारी झोपलेला माझा नवरा कूस बदलत म्हणाला, ‘कशाला घ्यायचं हे विकतचं दुखणं?’ मी त्याला गप्प केलं आणि फोनमध्ये बहिणीला म्हणाले, ‘हे बघ, अजून ऑर्डर आलेली नाही. तिच्याही भल्याचा विचार कर. नसेलच जमत, तर…’ पुढचं बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

म्हणजे गौरींच्या दिवशी मी ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं नव्हतं. त्याआधी एकदा म्हणून झालं होतं. तेव्हा त्यात बोहारीण नव्हती, इतकंच.

नंतर कधीतरी मी आकडे शोधले, माझ्यासारखी माणसं अर्धं सोडतात ते वाक्य किती जण पूर्ण करतात ते बघायला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच वर्षांत देशभरात अकराशेहून अधिक मुलं दत्तक घरांमधून संस्थांमध्ये परत आली, असं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणानं माहिती अधिकारात सांगितलेलं आहे. सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. दत्तक जाणारी मुलंही आपल्याकडेच जास्त, हे धरलं तरी ते वाचून गप्प व्हायला झालं. पहिल्या वर्षी ३८७, शेवटच्या वर्षी १३३. आकडा उतरतोय, बरं वाटायला हवं. मला १३३ ओले टूथब्रश दिसले. एकदा दत्तक पक्कं झालं की कायदा दार जवळजवळ लावूनच घेतो. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात तर सरळ लिहिलंय की रीतसर झालेलं दत्तक आईबापांना रद्द करता येत नाही आणि मुलालाही जन्मघरी परतता येत नाही. पण त्या मधल्या काळात दार नुसतं लोटलेलं असतं, कडी घातलेली नसते. मोठ्यांना वाटतं ही सोय आहे. पोर रोज रात्री त्या फटीकडे बघत झोपतं.

मला तेव्हा आजोबा आठवले. ते मिरजेत वार लावून शिकले. सोमवारी एका वकिलांकडे, मंगळवारी एका भटजींकडे, असं करत सहा घरं मिळाली. शनिवारचं घर काही मिळेना, त्या दिवशी चुरमुरे आणि पाणी. ऐंशीव्या वर्षीही त्यांना घरोघरच्या आमटीची चव सांगता यायची. बुधवारची आंबट, गुरुवारची पातळ, शुक्रवारी खोबरं असायचं. सगळ्यांनी मायेनं वाढलं, असंच म्हणायचे आणि ते खोटं नसणार. पण जन्मभरात त्यांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोला किंवा सुनेला ‘अजून एक पोळी वाढ’ म्हटलेलं कुणी ऐकलं नाही. मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत. जे पानात पडेल ते, आणि उठताना ‘छान झालं होतं’. आम्ही त्याला त्यांचा साधेपणा म्हणत आलो, आमच्या मुलांना त्याचे दाखले दिले. सांगलीला त्या पोरीला जेवताना पाहिलं, तिसरी पोळी हवी असताना ताटातल्या रश्श्यात बोटानं रेघोट्या ओढत बसलेली, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आजोबांना सत्तर वर्षं मीठ कमीच लागलं असणार.

बहिणीनं तिला परत केलं नाही. यात काही थोर मन वगैरे नव्हतं, असं तीच म्हणते. दमलेल्या माणसाला निर्णय घ्यायचंही त्राण नसतं, ते एका अर्थी पथ्यावर पडलं. दुसरं म्हणजे त्या ताई. नियमानं दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी एकदा पाठपुरावा करायचा असतो. या बाई जुलै-ऑगस्टात दर शनिवारी फोन करायच्या. अर्धा तास बहिणीशी, मग दहा मिनिटं मुलीशी, तिच्या बोलीत. संस्थेतल्या मैत्रिणींची खबरबात द्यायच्या, आवारातल्या कुत्रीला पिल्लं झाली तेही सांगायच्या. मला वाटायचं, कशाला जुनं उकरून काढतात? पण शनिवारी रात्री पोर दिवा न लावता झोपायची. याच ताईंनी बहिणीची गाठ दुसऱ्या एका दत्तक आईशी घालून दिली. ती रात्री अकरालाही फोन उचलायची आणि सल्ला अजिबात द्यायची नाही. सगळं ऐकून घेऊन म्हणायची, ‘आमच्या लेकानं फ्रिजचं दार उपटलं होतं.’ त्यावर बहीण हसायची, आणि माझ्याशी बोलून तिला तसं कधीच हसू आलेलं नाही. माझ्या हातात असतं तर पाठपुराव्याचं वेळापत्रकच उलटं केलं असतं. पहिले सहा महिने दर आठवड्याला या. पुढं वर्षातून एकदा आलात, चहा घेऊन गेलात, तरी चालेल.

कालनिर्णयची युक्ती मात्र बहिणीची स्वतःची. तिच्या लक्षात आलं की पोर कॅलेंडरचं पान कधी उलटून बघत नाही. आजचा चौकोन, फार तर उद्याचा. गौरींहून सांगलीला परतल्यावर बहिणीनं पुढच्या महिन्यांच्या चौकोनांत बारीक अक्षरात कामं लिहायला सुरुवात केली. नोव्हेंबरात ‘किल्ल्यासाठी माती आणणे, दोघी’. डिसेंबरात ‘हिचा स्वेटर, मोठ्या मापाचा घेणे’. ‘दातांचे डॉक्टर’. सगळी साधी, कंटाळवाणी कामं. आधी पोरीनं लक्षच दिलं नाही. मग रोज शाळेतून आल्यावर पान वर करून, अक्षराला अक्षर जोडत वाचायला लागली. दिवाळीच्या आसपास डिसेंबरच्या एका चौकोनात पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं, ‘भाकर शिकनार’. बहिणीनं मला त्याचा फोटो पाठवला. खाली काहीच लिहिलं नव्हतं.

नावाचं सांगायचं राहिलं. तिचं नाव संस्थेतल्या कुठल्याशा रात्रपाळीच्या मावशीनं ठेवलेलं, मालिकेतल्या नायिकेचं, जरा झगमगीत. माझ्या आईला ते काही केल्या आवडेना. नवं घर, नवं नाव, थाटात बारसं करू, असा तिचा धोशा. मी आईचीच री ओढली. कवळाण्याच्या गोपाळरावाला नाही का बडोद्यानं दत्तक घेऊन सयाजीराव केलं, असा दाखलाही दिला. ते १८७५ साल, आणि तो मुलगा बारा वर्षांचा, म्हणजे आजच्या भाषेत ‘मोठं मूल’च. नंतर लक्षात आलं, त्याच १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठी बालकाश्रम काढला. एका ठिकाणी गादीला मूल हवं होतं, दुसऱ्या ठिकाणी मुलाला कूस. आमची आई अजून बडोद्याच्या दरबारात बसलेली होती. बहिणीनं काय केलं, तर पोरीलाच विचारलं. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, ‘नाव बदललं तं ताईचा फोन आल्यावर कोन बोलन?’ नाव राहिलं. पुढं ऑर्डर आली, रेशनकार्डावर चढलं तेही तेच, झगमगीत.

या सगळ्यात माझ्याच घरातली एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनाही आम्ही मावशी म्हणतो. त्या खऱ्याच कुणाच्या तरी मावशी आहेत. वारलेल्या बहिणीचा मुलगा त्या सांभाळतात. बाल संगोपन योजनेतून त्याच्यासाठी महिन्याला २,२५० रुपये येतात. परक्या घरी मूल सांभाळण्याचे, फॉस्टर केअरचे नियम २०२४ मध्ये बदलले, आधी पाच वर्षं सांभाळल्यावर दत्तक घेता यायचं ते आता दोन वर्षांनी घेता येतं, असं काहीबाही वाचून मी उत्साहानं त्यांना सांगायला गेले. त्या नळाखाली कढई धरून म्हणाल्या, ‘दत्तक कशाला घिऊ? माझाच हाय की.’ मग कढई पालथी घालून, ‘घरभाडं वाढलं की मालक म्हनत्यात, गावाला धाड त्याला. दोन येळा धाडला, दोन येळा आनला. आता न्हाई धाडत.’ भाडं किती वाढलं, ते मी विचारलं नाही.

यंदा मे महिन्यात चार दिवस सांगलीला गेले होते. भर दुपारी खालून लांबलचक हाळी आली, ‘भांऽऽडीय!’ माझ्या पोटात खड्डा पडला. बहीण मात्र जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन निघालीसुद्धा आणि पोर तिच्या पुढं. आता नऊ वर्षांची आहे, उंच झालीय, पुढचे दात आलेत. बोहारणीनं जिन्याच्या पायरीवर पाटी उतरवली. एकेक कापड उजेडात धरायचं, विरलंय का ते बोट घालून बघायचं आणि तोंड वाकडं करून मांडीखाली सारायचं. पोरीनं संस्थेतून येताना अंगावर होता तो फ्रॉकही आणला होता. ‘ह्याचं काय येतंय, चिंधी हाय,’ म्हणत बोहारणीनं तो परत दिला. पोरीनं घडी घालून बाजूला ठेवला. घासाघीस एका कडीच्या डब्यावर अडली. बोहारीण म्हणे, अजून एक नग टाका. बहीण म्हणे, घरात काही उरलेलं नाही. मी तिसऱ्या पायरीवर जीव मुठीत धरून बसलेली. तेवढ्यात पोरीनं माझा दंड धरून मला पुढं ओढलं.

‘ही मावशी चालंल का? पुण्याची हाय.’

बोहारणीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘जुनी हाय,’ ती म्हणाली. ‘चहाची गाळणी दीन.’

पोरीनं गाळणी हातात घेतली, उजेडात धरली, जाळीतून बोट घालून बघितलं आणि पाटीत परत टाकली.

‘ऱ्हाऊ दे मग,’ ती म्हणाली. ‘हिची डुटी रविवारपर्यंत हाय.’